वापरलेल्या वाद्यसामग्रीच्या बाजारपेठेतील मूल्यनिश्चिती : बुटीक ट्यूब ॲम्प्लिफायर आणि डिजिटल मॉडेलर यांचा तुलनात्मक विचार

सारांश

इलेक्ट्रिक गिटारच्या ध्वनीसाठी आज दोन प्रकारची साधने वापरली जातात. निर्वात नलिकांवर चालणारे, हाताने जोडलेले 'बुटीक' ॲम्प्लिफायर हे पहिले साधन होय. अशा ॲम्प्लिफायरचे वर्तन गणिताने उभे करणारा डिजिटल मॉडेलर हे दुसरे. वापरलेल्या वस्तूंच्या बाजारपेठेत पहिल्याची किंमत तुलनेने टिकून राहते, तर दुसऱ्याची वेगाने उतरते. या फरकाचे कारण ध्वनीच्या गुणवत्तेत शोधण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखात दुरुस्तीक्षमता, उत्तराधिकारी वस्तूचा उदय, माहितीची विषमता आणि पुरवठ्याची मर्यादा या चार घटकांच्या आधारे त्याचा उलगडा केला आहे. किंमत टिकविणारी वस्तू ही वापरणाऱ्यास स्वस्त पडतेच असे नाही, हेही एका उदाहरणाद्वारे दाखविले आहे.

बीजशब्द : निर्वात नलिका, मॉडेलर, घसारा, दुरुस्तीक्षमता, माहितीची विषमता, उपयोगमूल्य, विनिमयमूल्य

१. प्रस्तावना

टिकाऊ वस्तूंच्या मूल्याचा विचार करताना अर्थशास्त्राचे अध्यापक सामान्यतः घर, मोटार किंवा यंत्रसामग्री यांची उदाहरणे देतात. ही उदाहरणे परिचित असली तरी त्यांत एक अडचण आहे. जुन्या मोटारीची किंमत का उतरते, या प्रश्नाचे उत्तर झीज, इंधनाचा खर्च, शासकीय नियम आणि प्रतिष्ठा अशा अनेक कारणांत गुंतलेले असते. कोणते कारण किती प्रभावी आहे, हे वेगळे करून दाखविणे कठीण जाते.

याउलट, वापरलेल्या गिटार ॲम्प्लिफायरची बाजारपेठ लहान असली तरी अभ्यासाच्या दृष्टीने सोयीची आहे. येथे एकच गरज भागविणाऱ्या दोन वस्तू शेजारी शेजारी विकल्या जातात. त्यांपैकी एकीचे तंत्रज्ञान विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील आहे आणि दुसरीचे आपल्या काळातील. नवे तंत्रज्ञान आले की जुन्याची किंमत उतरते, हा सर्वसाधारण अनुभव आहे. या बाजारपेठेत मात्र नेमके उलट घडताना दिसते. पन्नास वर्षांपूर्वीचा ॲम्प्लिफायर मूळ किमतीच्या कित्येक पट भावाने विकला जातो, तर दहा वर्षांपूर्वीचा संगणकीय मॉडेलर मूळ किमतीच्या काही अंशाला मिळतो.

ही बाजारपेठ मुख्यतः अमेरिका व युरोप येथील आहे. पूर्वी तिचा व्यवहार वाद्यांची दुकाने आणि वृत्तपत्रांतील छोट्या जाहिराती यांपुरता मर्यादित होता. १९९५ मध्ये ईबे आणि २०१३ मध्ये शिकागो येथे केवळ वाद्यसामग्रीसाठी रिव्हर्ब ही विक्रीव्यवस्था सुरू झाल्यानंतर तिचे स्वरूप पालटले. प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचे भाव सर्वांस दिसू लागले आणि 'या वस्तूची किंमत किती राहील' हा विचार नवी वस्तू घेतानाच होऊ लागला. म्हणूनच या किमती कशा ठरतात, हे समजून घेणे वाद्याशी संबंध नसलेल्या अभ्यासकासही उपयुक्त ठरेल.

२. लेखाची उद्दिष्टे व मर्यादा

१) दोन्ही साधनांची रचना व कार्यपद्धती सामान्य वाचकास समजेल अशी स्पष्ट करणे.
२) वापरलेल्या बाजारपेठेतील त्यांच्या किमतींवर परिणाम करणारे घटक निश्चित करणे.
३) उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य यांतील भेद या उदाहरणातून तपासणे.

कोणत्या साधनाचा ध्वनी अधिक श्रेष्ठ, हा रसिकतेचा प्रश्न आहे. त्याचा निवाडा करणे हे या लेखाचे प्रयोजन नाही. लेखातील आकडेमोडीचे उदाहरण काल्पनिक असून ते केवळ विवेचनासाठी घेतले आहे.

३. ट्यूब ॲम्प्लिफायर : रचना व कार्य

आपल्याकडील ज्येष्ठ वाचकांना व्हॉल्व्हचा रेडिओ आठवत असेल. बटण फिरविल्यावर तो लगेच बोलत नसे. आतील काचेच्या नळ्या तापून तांबूस होईपर्यंत वाट पाहावी लागे. गिटारचा ट्यूब ॲम्प्लिफायर हे त्याच तत्त्वावरील यंत्र होय. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तीन विद्युतअग्रांची नलिका तयार केली. तापलेल्या ऋणाग्रापासून निघणारे इलेक्ट्रॉन धनाग्राकडे जातात आणि मधल्या जाळीवरील अत्यल्प विद्युतदाब त्यांच्या प्रवाहाचे नियंत्रण करतो. लहान संकेताने मोठा प्रवाह नियंत्रित करणे, हेच वर्धन. आज सर्वाधिक वापरात असलेल्या १२एएक्स७ या लहान नलिकेचा वर्धनांक सुमारे १०० आहे. तिच्याकडून आलेला संकेत ६एल६, ईएल३४ किंवा ईएल८४ यांसारख्या शक्तिनलिकांकडे जातो आणि तेथून आउटपुट ट्रान्सफॉर्मरमार्गे स्पीकरपर्यंत पोहोचतो.

१९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागल्यानंतर रेडिओ, दूरचित्रवाणी संच आणि संगणक यांतून नलिका क्रमाक्रमाने हद्दपार झाल्या. गिटारच्या क्षेत्रात त्या टिकल्या, याचे कारण त्यांच्या दोषात आहे. अभियंत्याच्या दृष्टीने ॲम्प्लिफायरने संकेत जसाच्या तसा मोठा करावा. त्यात विकृती येऊ नये. नलिकेवर क्षमतेपेक्षा अधिक भार पडला की ती संकेताची टोके एकदम न कापता हळूहळू दाबते आणि मूळ स्वरात नव्या उपस्वरांची भर घालते. वादकाने तार जोराने छेडली की ध्वनी खरखरीत व दाट होतो, हलकेच छेडली की स्वच्छ राहतो. वीजपुरवठ्याचा भागही मोठ्या आघाताच्या क्षणी किंचित दबतो आणि पुन्हा सावरतो. हा प्रतिसाद वादकाच्या बोटांना जाणवतो आणि तो वादनाचाच एक भाग बनतो.

आजच्या बहुतेक ट्यूब ॲम्प्लिफायरचे मूळ मोजक्या आराखड्यांत सापडते. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांच्या कारखान्यातील १९५० च्या दशकातील आराखडे हे त्यांपैकी प्रमुख. त्यातील 'बासमन' या यंत्राच्या आधारे लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ मध्ये जेटीएम४५ तयार झाला. इंग्लंडमधील व्हॉक्स कंपनीचा एसी३० हा दुसरा प्रवाह. म्हणजेच या क्षेत्रातील मूलभूत रचना १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात जवळजवळ पूर्ण झाली होती. पुढील विवेचनात हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

४. बुटीक परंपरेचा उदय

'बुटीक' हा शब्द येथे एकट्या कारागिराने किंवा लहान कार्यशाळेने अल्पसंख्येत तयार केलेल्या यंत्रांसाठी वापरला जातो. १९७० च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी खर्च कमी करण्यासाठी रचनेत बदल केले. अनेक वादकांना जुनी यंत्रे अधिक पसंत पडू लागली आणि ती दुरुस्त करणारे, सुधारून देणारे कारागीर पुढे स्वतःच निर्माते झाले. सॅन फ्रान्सिस्को परिसरात फेंडरच्या लहान ॲम्प्लिफायरमध्ये फेरबदल करणारे रँडल स्मिथ यांनी 'मेसा बूगी' हा उद्योग उभा केला. तो पुढे इतका वाढला की २०२१ मध्ये गिब्सन कंपनीने तो विकत घेतला.

या परंपरेतील सर्वांत चर्चित नाव अलेक्झांडर हॉवर्ड डंबल यांचे. त्यांनी एकेक ग्राहकाचे वादन ऐकून त्याच्यासाठी यंत्र घडविले. त्यांच्या यंत्रांची एकूण संख्या सुमारे ३०० मानली जाते. रॉबेन फोर्ड, लॅरी कार्लटन, कार्लोस सँटाना यांच्यासारख्या वादकांनी ती वापरली. आपली रचना इतरांस कळू नये म्हणून डंबल मंडलाच्या काही भागावर अपारदर्शक इपॉक्सी ओतत असत. २०२२ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. त्यांची यंत्रे एक लाख डॉलरहून अधिक किमतीस विकली गेली आहेत. न्यू जर्सीतील केन फिशर यांनी 'ट्रेनरेक' या नावाने याहूनही कमी यंत्रे घडविली आणि त्यांना अनुक्रमांकांऐवजी स्त्रियांची नावे दिली. त्यांचे निधन २००६ मध्ये झाले.

तथापि या दोन उदाहरणांवरून संपूर्ण बुटीक क्षेत्राविषयी अनुमान काढणे चुकीचे होईल. १९८९ मध्ये लॉस एंजेलिस येथे स्थापन झालेली मॅचलेस, क्लीव्हलँडजवळील डॉ. झी, कॅलिफोर्नियातील टू-रॉक यांसारख्या निर्मात्यांची यंत्रे आजही नवी मिळतात. त्यांना सातत्याने मागणी असते, परंतु ती पहिल्या विक्रीनंतर सामान्यतः नव्या किमतीहून कमी भावानेच विकली जातात. याखेरीज फारसे नाव नसलेल्या, एखाद्या गावातील कारागिराने उत्तम कसबाने घडविलेल्या यंत्रांचा मोठा वर्ग आहे. त्यांची किंमत बरीच घसरते, कारण दूरच्या ग्राहकास त्या नावाचा अर्थ ठाऊक नसतो. हाताने घडविलेली वस्तू किंमत टिकवितेच, ही समजूत म्हणूनच अर्धसत्य आहे.

५. डिजिटल मॉडेलर : रचना व विकास

मॉडेलर गिटारमधून येणाऱ्या विद्युतसंकेताचे दर सेकंदास हजारो वेळा मापन करतो. ४८,००० ही त्याची एक प्रचलित गती. प्रत्येक मापन म्हणजे एक अंक. या अंकमालिकेवर विशिष्ट प्रक्रियाचिप गणिती क्रिया करते आणि मूळ ॲम्प्लिफायरमधून जो संकेत बाहेर पडला असता त्याच्या जवळ जाणारी नवी अंकमालिका तयार करते. तिचे पुन्हा विद्युतसंकेतात रूपांतर होते. ही सर्व क्रिया काही सहस्रांश सेकंदांत पूर्ण व्हावी लागते. अन्यथा वादकाला तार छेडणे आणि स्वर ऐकू येणे यांत अंतर जाणवू लागते.

प्रतिरूप तयार करण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत मूळ मंडलातील प्रत्येक घटकाचे वर्तन समीकरणांनी मांडले जाते. दुसऱ्या पद्धतीत मंडलाच्या आत न पाहता, ठरावीक चाचणी-संकेत मूळ यंत्रातून पाठवून बाहेर येणाऱ्या ध्वनीवरून त्याचे प्रतिरूप घेतले जाते. अलीकडे या दुसऱ्या पद्धतीत कृत्रिम मज्जाजालांचा वापर होऊ लागला आहे.

रोलँड कंपनीने १९९५ मध्ये व्हीजी-८ हे यंत्र आणले. लाइन ६ या कॅलिफोर्नियातील कंपनीने १९९६ मध्ये डिजिटल मॉडेलिंगचा ॲम्प्लिफायर आणि १९९८ मध्ये मूत्रपिंडाच्या आकाराचा 'पॉड' बाजारात आणला. पॉडने हे तंत्रज्ञान घरोघरी पोहोचविले. २००६ मध्ये फ्रॅक्टल ऑडिओचा ॲक्स-एफएक्स आला आणि व्यावसायिक वादक या साधनाकडे वळू लागले. जर्मनीतील क्रिस्टोफ केम्पर यांनी २०११ मध्ये प्रतिरूप घेणारे 'प्रोफायलर' सादर केले. लाइन ६ चे हेलिक्स २०१५ मध्ये, तर फिनलंडमधील न्यूरल डीएसपी कंपनीचे क्वाड कॉर्टेक्स २०२१ मध्ये ग्राहकांच्या हाती आले. ज्या फेंडर कंपनीची जुनी यंत्रे या सर्वांनी अनुकरणासाठी निवडली, त्याच कंपनीने २०१९ मध्ये आपल्या ट्विन रिव्हर्ब व डिलक्स रिव्हर्ब या यंत्रांच्या डिजिटल आवृत्त्या काढल्या. नलिकांचा ट्विन रिव्हर्ब सुमारे २९ किलो वजनाचा, तर त्याची डिजिटल आवृत्ती सुमारे १५ किलोची आहे. ज्याला आठवड्यातून चार वेळा तो जिन्यावरून चढवावा लागतो, त्याच्या दृष्टीने हा फरक नगण्य नाही.

६. वापरलेल्या बाजारपेठेतील किंमत : चार घटक

६.१ उत्तराधिकारी वस्तू

रोनल्ड कोस यांनी १९७२ मध्ये असे मांडले की, टिकाऊ वस्तूंचा एकमेव उत्पादक असला तरी त्याला स्पर्धक असतो. त्याने यापूर्वी विकलेला माल हाच तो स्पर्धक. जुना माल टिकाऊ असल्यामुळे तो नव्या मालाच्या आड येतो. मॉडेलरच्या निर्मात्याची स्थिती अशीच आहे. त्याला नवा ग्राहक मिळवायचा असेल तर नवे यंत्र जुन्याहून स्पष्टपणे सरस असावे लागते, आणि ते तसे असेल तर जुन्याची किंमत पडते. २०११ चा ॲक्स-एफएक्स २ आणि २०१८ चा ॲक्स-एफएक्स ३ यांचे नाते या प्रकारचे आहे. नवे यंत्र आले म्हणून जुन्याचा ध्वनी रात्रीत बिघडला नाही. ते पूर्वी जे काम करीत होते तेच करीत राहिले. फक्त 'सर्वांत प्रगत' हे त्याचे स्थान गेले.

हा घटक खरोखर प्रभावी आहे का, याची कसोटी केम्परच्या उदाहरणातून मिळते. या कंपनीने मूळ यंत्राचा सांगाडा दशकाहून अधिक काळ जवळजवळ तसाच ठेवला आणि सुधारणा मुख्यतः विनामूल्य संगणकप्रणालीद्वारे दिल्या. दीर्घकाळ उत्तराधिकारी नसल्यामुळे या डिजिटल यंत्राची जुनी किंमत बरीच स्थिर राहिली. म्हणजेच घसरण ही 'डिजिटल' असण्यामुळे होते असे म्हणता येत नाही. दोन पिढ्यांमधील अंतर जितके कमी, तितकी ती तीव्र. ट्यूब ॲम्प्लिफायरच्या बाबतीत मूळ रचनाच सहा दशकांपूर्वी पूर्ण झाली असल्याने २०२५ सालचे यंत्र १९९५ सालच्या यंत्राला कालबाह्य ठरवीत नाही.

६.२ दुरुस्तीक्षमता

ट्यूब ॲम्प्लिफायरची झीज अधिक होते, ही बाब अनेकदा दुर्लक्षिली जाते. नियमित वादनात शक्तिनलिका काही वर्षांत बदलाव्या लागतात. विद्युत-अपघटनी कपॅसिटर पंधरा ते वीस वर्षांत निकामी होऊ लागतात. परंतु यातील प्रत्येक भाग सुटा आहे, प्रमाणित आहे आणि हाताने काढून पुन्हा झाळता येतो. फेंडरच्या जुन्या यंत्रांत कोणती नलिका कोठे आहे हे दर्शविणारा तक्ता पेटीच्या आत चिकटविलेला असे. आराखडे सार्वत्रिक उपलब्ध असल्यामुळे निर्माता नसला तरी कोणताही जाणकार तंत्रज्ञ हे काम करू शकतो.

मॉडेलरमध्ये वारंवार बदलावे लागणारे भाग जवळजवळ नाहीत. बटणे, पायकळा आणि जोडण्या यांची दुरुस्ती शक्य असते. परंतु मुख्य प्रक्रियाचिप निकामी झाली आणि तिचे उत्पादन थांबलेले असेल, तर संपूर्ण पट्टी बदलण्याखेरीज उपाय नसतो, आणि ती पट्टी फक्त निर्मात्याकडेच असते. शिवाय जुन्या यंत्राला जोडणारी संगणकप्रणाली नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालेनाशी होते. अशा वेळी यंत्र धडधाकट असूनही त्याचा काही भाग निरुपयोगी ठरतो. ट्यूब ॲम्प्लिफायर वारंवार आजारी पडतो परंतु बरा होतो. मॉडेलर सहसा आजारी पडत नाही, पण पडल्यास बरे होण्याची हमी नसते. बाजारपेठ या दुसऱ्या शक्यतेचे मूल्य आधीच वजा करून घेते.

बुटीक यंत्रांत मात्र दुरुस्तीक्षमता सरसकट गृहीत धरता येत नाही. आराखडा गुप्त ठेवणाऱ्या कारागिराचे निधन झाले किंवा कार्यशाळा बंद पडली, तर त्याचे यंत्र दुरुस्तीच्या दृष्टीने मॉडेलरच्या जवळ जाते. डंबल यांच्या यंत्रांना ही उणीव बाधली नाही, कारण तेथे किंमत ठरविणारे घटक वेगळे आहेत; तसेच अनेक अभ्यासकांनी इपॉक्सीखालील रचना उकलून काढली आणि मलेशियातील सेरियाटोनसारखे उत्पादक तिच्या धर्तीवरील यंत्रे विकू लागले. अप्रसिद्ध कारागिराच्या यंत्राला असे अभ्यासक लाभत नाहीत.

६.३ माहितीची विषमता

जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणातून दाखविले की, विक्रेत्यास वस्तूतील दोष ठाऊक असतात, ग्राहकास नसतात. त्यामुळे ग्राहक सर्वच वस्तूंना सरासरी दर्जाचे समजून किंमत देतो आणि चांगल्या वस्तूंचे मालक बाजारातून माघार घेतात. या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना २००१ मध्ये मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

जुन्या ट्यूब ॲम्प्लिफायरच्या बाबतीत ही विषमता मोठी आहे. ट्रान्सफॉर्मर मूळचे की बदललेले, पूर्वीची दुरुस्ती कोणी केली, नलिकांचे किती आयुष्य उरले, हे बाहेरून दिसत नाही. त्यामुळे या बाजारपेठेत खात्री देणाऱ्या प्रथा निर्माण झाल्या आहेत. ट्रान्सफॉर्मर व नियंत्रकांवरील उत्पादनतारखेचे संकेतांक वाचले जातात, आतील भागाची छायाचित्रे मागितली जातात, तंत्रज्ञाची पावती दाखविली जाते. प्रसिद्ध निर्मात्याचे नाव हीदेखील एक प्रकारची खात्रीच असते आणि नाव असलेल्या व नसलेल्या यंत्रांच्या किमतींतील तफावतीचा बराचसा भाग या खात्रीचे मूल्य असतो.

मॉडेलरच्या बाबतीत ही विषमता कमी आहे. एकाच प्रकारची हजारो यंत्रे एकसारखी असतात. पडदा, कळा, जोडण्या आणि प्रणालीची आवृत्ती तपासली की पुरेसे समाधान होते. ॲकरलॉफ यांच्या तर्कानुसार येथे ग्राहकाने निःशंकपणे चांगली किंमत द्यावयास हवी. तो तशी देत नाही, यावरून या वस्तूच्या घसरणीचे कारण वस्तूच्या स्थितीविषयीची शंका नसून तिच्या भविष्याविषयीची शंका आहे, असे म्हणता येईल.

६.४ पुरवठा

डंबल व फिशर यांच्या यंत्रांचा पुरवठा आता कायमचा निश्चित झाला आहे. मागणी कितीही वाढली तरी संख्या वाढणार नाही. ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये पाणी व हिरा यांच्या तुलनेतून मांडलेला प्रश्न येथे जसाच्या तसा लागू पडतो. मॉडेलरमध्ये डझनावारी ॲम्प्लिफायरची प्रतिरूपे, प्रतिध्वनी व अन्य परिणाम आणि ध्वनिमुद्रणाची सोय असते. त्याचे उपयोगमूल्य मोठे आहे. तरीही हजारोंनी उपलब्ध असल्यामुळे त्याचे विनिमयमूल्य अल्प राहते.

पुरवठ्याची दुसरी बाजू नलिकांची आहे. गिटार ॲम्प्लिफायरच्या नलिकांचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन प्रामुख्याने रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन या तीन देशांत होते. २०२२ च्या मार्चमध्ये, युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाने अनेक वस्तूंच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा साराटोव्ह येथील कारखान्यातील नलिकांचा पुरवठा अडला आणि भाव चढले. पुढे पुरवठा पुन्हा सुरू झाला. परंतु सुट्या भागांवर अवलंबून असलेली दुरुस्तीक्षमता त्या भागांच्या कारखान्यांइतकीच सुरक्षित असते, ही गोष्ट या प्रसंगाने स्पष्ट झाली.

७. किंमत टिकणे आणि स्वस्त पडणे

'ट्यूब ॲम्प्लिफायर घ्या, पैसे वाया जात नाहीत', असा सल्ला नवोदित वादकास वारंवार दिला जातो. त्याची तपासणी पुढील काल्पनिक उदाहरणावरून करता येईल.

समजा, एका वादकाने वापरलेला बुटीक ॲम्प्लिफायर २,००० डॉलरला घेतला, पाच वर्षांनी १,९०० डॉलरला विकला आणि दरम्यान नलिका व कपॅसिटर यांवर ४०० डॉलर खर्च केले. त्याचा निव्वळ खर्च ५०० डॉलर झाला. दुसऱ्याने वापरलेला मॉडेलर १,००० डॉलरला घेऊन पाच वर्षांनी निम्म्या किमतीस, म्हणजे ५०० डॉलरला विकला. देखभालीचा खर्च शून्य धरला, तर त्याचाही निव्वळ खर्च ५०० डॉलरच झाला. एका वस्तूची किंमत केवळ ५ टक्के उतरली, दुसरीची ५० टक्के; तरीही वापराचा खर्च सारखाच.

आता दोघांनीही ही रक्कम वार्षिक ८ टक्के सरळव्याजाने उसनी घेतली असे मानू. पाच वर्षांचे व्याज पहिल्यास ८०० डॉलर, तर दुसऱ्यास ४०० डॉलर पडेल. एकूण खर्च अनुक्रमे १,३०० आणि ९०० डॉलर होईल. म्हणजे किंमत टिकविणारी वस्तू कर्ज काढून घेणाऱ्यास महाग पडली. ज्याच्याजवळ शिल्लक रक्कम आहे आणि ती अन्यत्र फारसे व्याज मिळविणार नाही, त्याच्याच बाबतीत उपरोक्त सल्ला खरा ठरतो. मर्यादित मिळकत असलेल्या वादकाने वापरलेला, एक पिढी मागचा मॉडेलर घेणे अधिक हिताचे असते, कारण किमतीतील मोठी घसरण पहिल्या मालकाने आधीच सोसलेली असते.

अर्थात हा हिशोब वस्तू बिघडणार नाही या गृहीतावर उभा आहे. दुरुस्तीपलीकडे गेलेल्या मॉडेलरची पुनर्विक्री किंमत शून्य होते आणि तो धोका ग्राहकाने जमेस धरला पाहिजे.

८. भारतीय ग्राहकाच्या संदर्भात

परदेशी असलेल्या आप्तांकडून वापरलेली वाद्यसामग्री मागविण्याची प्रथा मुंबई-पुण्यातील वादकांत आहे. त्या दृष्टीने एक तांत्रिक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. अमेरिकेतील वीजपुरवठा १२० व्होल्ट व ६० हर्ट्झचा, तर आपला २३० व्होल्ट व ५० हर्ट्झचा आहे. बहुतेक मॉडेलरचा वीजपुरवठा विभाग १०० ते २४० व्होल्टपर्यंत कोठेही चालतो; तरी यंत्राच्या मागील पट्टीवरील आकडे वाचूनच जोडणी करावी. अमेरिकेच्या बाजारासाठी बनविलेल्या ट्यूब ॲम्प्लिफायरला मात्र दाब उतरविणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो. तो लावल्यानंतरही ५० हर्ट्झवर केवळ ६० हर्ट्झसाठी घडविलेला मूळ ट्रान्सफॉर्मर अधिक तापतो. शिवाय या यंत्रांत ४०० व्होल्टहून अधिक दाब असू शकतो आणि वीज बंद केल्यानंतरही कपॅसिटरमध्ये तो साठून राहतो. त्यामुळे अननुभवी व्यक्तीने असे यंत्र उघडणे जीवघेणे ठरू शकते.

नलिकांचे ज्ञान आपल्याकडे अपरिचित नव्हते. बंगळूर येथील भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक उपक्रमाने एकेकाळी रेडिओसाठी नलिका तयार केल्या आणि त्यांतील शिल्लक साठा आजही परदेशी विक्रेत्यांकडे आढळतो. परंतु त्या रेडिओंबरोबर ते दुरुस्त करणारे कारागीरही मावळत गेले. दुरुस्तीक्षमता हा केवळ वस्तूचा गुण नाही. आसपास दुरुस्त करणारे हात असतील तरच तो प्रत्यक्षात येतो. ज्या गावात असा तंत्रज्ञ नाही, तेथे ट्यूब ॲम्प्लिफायरची कागदोपत्री असलेली दुरुस्तीक्षमता निरुपयोगी ठरते.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) बुटीक ट्यूब ॲम्प्लिफायर व मॉडेलर यांच्या पुनर्विक्री किमतींतील फरक मुख्यतः उत्तराधिकारी वस्तूचा अभाव आणि दुरुस्तीक्षमता यांमुळे निर्माण होतो, ध्वनीच्या श्रेष्ठत्वाचा तो पुरावा मानता येत नाही.

२) 'बुटीक' हा एकजिनसी वर्ग नाही. दिवंगत ख्यातनाम निर्मात्यांची यंत्रे संग्राह्य वस्तूंप्रमाणे वागतात, प्रस्थापित कार्यशाळांची यंत्रे मर्यादित घसरणीनंतर स्थिरावतात आणि अप्रसिद्ध कारागिरांची यंत्रे गुणवत्ता असूनही मोठ्या प्रमाणात घसरतात.

३) मॉडेलरची घसरण अपरिहार्य नाही. निर्मात्याने पिढ्यांमधील अंतर वाढविले आणि प्रणालीचे अद्ययावतीकरण दीर्घकाळ चालू ठेवले, तर डिजिटल वस्तूचे मूल्यही टिकते.

४) किंमत टिकणे आणि वापर स्वस्त पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. भांडवल अडकवून ठेवण्याची ज्याची क्षमता नाही, त्याने दुसरी गोष्ट पाहावी.

महाविद्यालयीन प्रयोगशाळांसाठी उपकरणे निवडताना आपणही बहुधा नव्या वस्तूची किंमत आणि तिची वैशिष्ट्ये एवढ्यांचीच तुलना करतो. दहा वर्षांनी तिचा सुटा भाग मिळेल काय, तिचा आराखडा आपल्या हाती असेल काय आणि ती दुरुस्त करणारा माणूस जिल्ह्यात असेल काय, हे तीन प्रश्न निविदेच्या तुलनात्मक तक्त्यात एका वेगळ्या रकान्यात नोंदविले जावेत, असे सुचवावेसे वाटते.